जोर शेवटावर

मला रबरबँडचा राग येतो. मेथीच्या जुडीला, मुलीच्या वेणीला, डब्याच्या झाकणाला लावलेला चालतो. पण दोन अंगठ्यांत अडकवून तोंडासमोर धरायचा, 'लंच' म्हणताना ताणायचा आणि 'बॉक्स' म्हणताना सैल सोडायचा, हा उद्योग मी गेल्या वर्षी इतके महिने केला की आता नुसता रबरबँड दिसला तरी डोकं उठतं. माझी मुलगी म्हणते, आई, वस्तूवर राग काढू नये. मी म्हणते, मग कुणावर काढू ते सांग.

मी वसईत एका लहानशा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते, आणि नोकरीला लागल्यापासून मला एकच वर्ग मिळत आला, पहिली. लोकांना वाटतं पहिली म्हणजे नाकं पुसायची आणि डबे उघडून द्यायचे. तेही करावं लागतं, नाही कशाला म्हणू. पण जूनमध्ये आईचा हात न सोडणारं पोर दिवाळीनंतर एक दिवस रिक्षातून जाताना औषधाच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई मला फाटकाशी गाठून ते सांगते. सांगताना तिचा आवाज कापत असतो. हे सुख दुसऱ्या कुठल्या वर्गाच्या बाईला नाही. मला पहिली हवी होती, बाकी पगारवाढ, पद, काही नको होतं.

गेल्या वर्षी शाळेने ठरवलं की लहान वर्गांचं इंग्रजी मुळापासून सुधारायचं. मुंबईहून एक प्रशिक्षक बाई येणार, आम्हाला उच्चार शिकवणार, आणि वर्ष संपायच्या आत प्रत्येकीच्या वर्गात बसून धडा बघणार. ज्यांचा धडा पसंत पडेल त्यांच्याकडे पहिली-दुसरी राहील, बाकीच्यांना दुसरी कामं. मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची काही काळजी नाही मॅडम. फक्त ते शेवटचं जरा बघा." शेवटचं म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं नाही. कळलं असतं तर तिथेच भांडले असते.

प्रशिक्षक बाई स्वभावाने चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. हळू बोलणाऱ्या, कुणाचा पाणउतारा न करणाऱ्या. त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली, कारण रागवायलाही धड कारण मिळेना. त्यांनी सुरुवात जोडशब्दांपासून केली. दोन शब्द मिळून झालेला इंग्रजी शब्द आधी जोडावर तोडायचा, मग एकेका तुकड्याचे सिलॅबल मोजायचे. हनुवटीखाली हात धरायचा, हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके सिलॅबल. सनफ्लॉवर: सन, फ्लॉ, वर. वॉटरमेलन: वॉ, टर, मे, लन. आम्ही मोठ्या बायका हनुवटीखाली हात धरून कलिंगड म्हणत बसलो होतो. इथवर ठीक चाललं होतं, मोजण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. मग जोर आला. अशा शब्दांत जोर बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर असतो, बाई म्हणाल्या, दुसरा मागून हळूच येतो. "शेवट सोडून द्यायचा. गिळला तरी चालेल." आणि त्यांनी रबरबँड वाटले.

माझा रबरबँड 'बोर्ड'वर ताणला गेला. ब्लॅकबोऽऽर्ड. त्या म्हणाल्या, पुन्हा. मी म्हटलं, ब्लॅकबोऽऽर्ड. त्या हसून म्हणाल्या, "मातृभाषेचा परिणाम. होतं असं."

मला ते पटेना. माझ्या एका बाजूला साताऱ्याकडची बाई, दुसऱ्या बाजूला रत्नागिरीची. दोघींची मातृभाषा मराठीच की. पण त्या दोघी शब्दाच्या दोन्ही भागांवर सारखाच जोर देत होत्या, तोलून मापून. शब्द शेवटाकडे कलंडत होता तो फक्त माझा. क्लासरूऽऽम. रेनबोऽऽ. स्कूलबॅऽऽग. घरी येताना रिक्षात मी तोंडातल्या तोंडात हेच घोकत होते, आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे काळजीने बघत होता.

उत्तर संध्याकाळी गॅलरीत मिळालं. आमचा फ्लॅट माझ्या माहेरच्या गावात, वसईजवळच्या उमेळ्यातच आहे, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी शेजाऱ्यांची केळीची बाग होती. रस्त्यापलीकडचा तुकडा मात्र अजून माझ्या वडिलांचा आहे. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहतात, म्हणजे झोपतात. दिवस त्यांचा तिकडे, केळी, वांगी आणि मुळ्यात. कानाने कमी ऐकू येतं. मोबाइल घेऊन दिलाय, तो पिशवीत घालून आमच्याच दाराआडच्या खिळ्याला टांगलेला असतो. म्हणून चहा झाला की मी गॅलरीत जाते आणि हाक मारते, "बाबाऽऽ, चाऽऽ." सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एकदा हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं होतं की गॅलरीतून मोठ्याने बोलणं टाळावं. मी त्याखाली अंगठा टाकला आणि दुसऱ्या दिवशी हाक मारली.

त्या संध्याकाळी हाक मारली आणि माझी मलाच ऐकू आली. बाबाऽऽ. रबरबँड मनगटात होता आणि मी रेलिंगला धरून थिजून उभी राहिले.

आम्ही खाडीकाठचे शेतकरी. माझ्या लहानपणी भाताची शेतं पार खाडीच्या बांधापर्यंत होती आणि घरं मागे गावात. समुद्राकडून वारा सुटलेला असायचा. निरोप पोचवायचा तर हाक मारूनच, आणि हाक कशी मारायची हे मला आईने शिकवलं होतं. "सुरवात वारा खातो," ती म्हणायची. पहिला भाग फक्त समोरच्याने मान वर करावी म्हणून, खरं सांगायचं ते शेवटी, आणि ते ओढून. भरतीचं पाणी बांधाला लागलं की 'पानी' साधं म्हणायचं आणि 'आलाऽऽ' लांबवायचं. उतरलं की 'गेलाऽऽ'. शेवट गिळला तर शेतातल्या माणसाला पाणी आलं की गेलं हेच कळायचं नाही. दुसरा नियम असा की हाकेचं उत्तर हाकेनेच द्यायचं. चालत जाऊन कानाशी सांगितलं तर लोकांना वाटायचं, काहीतरी लपवायचंय. गावाने ऐकलं तर ऐकलं, त्यात काय.

तर हा माझा जोर. माझ्या मराठीत तो कुणाला कधी खटकला नाही, इंग्रजीत मात्र त्याचं नाव दोष झालं.

पुढच्या वेळी मी हे सगळं प्रशिक्षक बाईंना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, त्यांना खरंच मौज वाटली. मग म्हणाल्या, "असं करा, काही दिवस हाक मारूच नका. सवय तुटू दे." डॉक्टर साखर बंद करा म्हणतो ना, तसं. मी हो म्हटलं आणि आतून पेटले. बॉक्सवरचा जोर लंचवर यावा म्हणून मी माझ्या बापाला हाक मारायची बंद करायची? पण पहिली हवी होती. अडला हरी. मी हाक बंद केली.

पहिल्या दिवशी चहा पार निवला. बाबा बऱ्याच वेळाने वर आले आणि म्हणाले, "आज चा नाय?"

"फोन केला होता, बाबा."

"फोन तं खिल्याला हाय."

मग कधी मुलगी खाली जाऊन सांगून यायची, कधी मी. पण ती वेळ झाली की बाबा कामातून कंबर सरळ करायचे आणि गॅलरीकडे बघत उभे राहायचे. मी पडद्यामागे असायचे, रबरबँड ताणत. लंचबॉक्स. लंचबॉक्स. ते तिकडे बघतायत आणि मी इकडे डबा डबा करतेय. मला स्वतःचा असा संताप यायचा की काय सांगू. शेवटी मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "शेवट सोरायला सांगतात? मंग समोरच्याला कलतं कसं?"

"समोरचा जवळच बसलेला असतो, बाबा."

"मंग वरडायचा कशाला?" ते म्हणाले. मग विचारलं, "पन वर्ग तुज्याकडंच ऱ्हाईल ना?" बाबा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. वसईच्या बाजारात मुळे द्यायला जातात तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला सांगतात की आमची बाय पोरांना पयलं अक्षर देते. मी म्हटलं, "राहील. त्याचसाठी तर चाललंय सगळं."

घरात शिकवणी मुलीने घेतली. ती कॉलेजात जाते, तिचं इंग्रजी मोबाइलवर ऐकून ऐकून झालेलं, जोर कुठे द्यायचा हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिचा चुकतही नाही. "आई, तू परत बॉक्सवर बसलीस," ती म्हणायची. मी भाजी चिरताना म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. ग्रँडफादर: ग्रँड, फा, दर, जोर ग्रँडवर. न्यूजपेपर: न्यूज, पे, पर, जोर न्यूजवर. पालथ्या घड्यावर पाणी. आज जमलं म्हणावं तर उद्या पुन्हा 'पेपऽऽर'. एका रविवारी तर मी विळीवरून उठले आणि म्हटलं, नको मला ती पहिली. मी पुन्हा विळीवर बसले आणि म्हटलं, न्यूजपेपर.

आणि मग जमलं. कधी ते कळलं नाही, पण थंडी संपता संपता माझा शब्द पुढून जड आणि मागून हलका पडायला लागला. प्रशिक्षक बाई खूश झाल्या. शब्दामागून शब्द विचारत गेल्या, माझा रबरबँड दर वेळी पहिल्या भागावर ताणला गेला. मग त्यांनी विचारलं, "आफ्टरनून?" मी मोठ्या ऐटीत 'आफ्'वर ताणला.

"नाही, हा वेगळा. इथे जोर शेवटी. नूनवर."

मी रबरबँड टेबलावर ठेवला. "बाई," मी म्हटलं, "हा एक शब्द मी जन्मभर बरोबर म्हणत होते. तुमच्याकडे येऊन चुकायला शिकले." सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. मी विनोद केलेला नव्हता.

धडा बघायचा दिवस आला तो डबा खाऊन झाल्यानंतरच्या तासाला. प्रशिक्षक बाई आणि मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या. मुलांनी उभं राहून "गुड आफ्टरनूऽऽन" केलं, तेवढं तरी बिनचूक होतं. मग मी धडा घेतला, आणि मी चांगला घेतला, खोटी विनयशीलता कशाला दाखवू. चित्रं लावली, शब्द जोडावर तोडले, मुलांना हनुवटीखाली हात धरायला लावले. माझ्या तोंडून एकही शब्द वाकडा गेला नाही. प्रशिक्षक बाई मान हलवत होत्या. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात त्या उठल्या. "आता मी मुलांना विचारते हं," म्हणाल्या, आणि डब्याचं चित्र वर धरलं.

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "लंचबॉऽऽक्स."

बाईंनी दप्तराचं चित्र धरलं. "स्कूलबॅऽऽग." इंद्रधनुष्याचं धरलं. "रेनबोऽऽ." नवा उच्चार मी त्यांना शिकवला नव्हता असं नाही. एकेकट्याला विचारलं असतं तर बरोबर म्हणाली असती. पण सगळी मिळून म्हणायला लागली की जे जूनपासून कानात बसलेलं तेच वर येतं. त्यांतल्या कुणाचं घर कोल्हापूरकडचं, कुणाचं मालवणकडचं, कुणाच्या घरी हिंदी. त्यांच्यातल्या बहुतेकांनी खाडीचा बांध कधी बघितलेला नाही. आणि ती सगळी माझ्या आईच्या हाकेत इंग्रजी बोलत होती. मला लाज वाटली. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की रडू येईलसं वाटलं. काय करू, पेरलं तेच उगवलं होतं.

बाई म्हणाल्या, "पुन्हा?" मुलांना वाटलं आवाज कमी पडला. दुप्पट जोरात म्हणाली, "लंचबॉऽऽक्स," आणि सगळ्यांनी शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं. समोरच्या बाकावरची मुलगी तर उभीच राहिली. तेव्हा मला त्यांना दुरुस्त करता आलं असतं. रबरबँड टेबलावरच होता. बाईंनाही तेच हवं असणार, मी मुलांची चूक पकडते का ते बघायचं असणार. पण पोरं एवढ्या आनंदात माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "व्हेरी गुड." प्रशिक्षक बाई जागेवर जाऊन बसल्या.

मुख्याध्यापिकांनी मला केबिनमध्ये बोलावलं ते शाळा सुटताना. पहिली एका नवीन बाईंकडे जाणार होती. "वाईट वाटून घेऊ नका मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आम्ही सकाळची प्रार्थना, ग्राउंड आणि बस सुटायची वेळ देतोय. तुमचा आवाज माइकशिवाय फाटकापर्यंत जातो, मुलं लगेच ऐकतात." ज्या शेवटापायी माझा वर्ग काढून घेतला तोच शेवट त्यांना ग्राउंडवर हवा होता. भांडायचं सोडून मी 'बरं' म्हटलं. त्याचा राग मला अजून आहे.

घरी आले, पर्स टाकली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. कुणाला हाक मारायला नाही, नुसती. संध्याकाळ व्हायची होती. बाबा पलीकडे केळीची वाळलेली पानं कापत होते. त्यांनी मला बघितलं. आज धडा आहे हे त्यांना ठाऊक होतं, सकाळी दाराशी मला थांबवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. कोयता तसाच हातात धरून त्यांनी तिकडून विचारलं, "काय झाला गोऽऽ?"

मी म्हटलं, "गेला, बाबा."

जोर 'गे'वर पडला, पुढचं सगळं गिळलं गेलं. इतक्या महिन्यांची मेहनत. इंग्रजी असतं तर अगदी बरोबर होतं.

बाबांनी कानामागे हात धरला. "काऽऽय?"

मला खाली जाता आलं असतं. जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा आणि त्यांच्याजवळ जाऊन हळू सांगायचं, कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी हाक दिली होती. समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे काढायला गॅलरीत आली होती. तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता, दुपारी तोही लंचबॉऽऽक्स म्हणाला होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. बाबा कानाला हात लावून वाट बघत होते, आणि आठवडेच्या आठवडे ते असेच वाट बघत होते हे मला माहीत होतं.

मी रेलिंग दोन्ही हातांनी धरलं. "बाबाऽऽ," मी ओरडले, "वर्ग गेलाऽऽ."

आवाज रस्त्यापलीकडे गेला, पुढच्या बिल्डिंगपर्यंत गेला. त्या बाईच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. बाबांना पोचलं, ते मला दिसलं, कारण त्यांनी कोयता बुंध्याशी ठेवला आणि डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. मला वाटलं आता ते काही विचारतील, कुणी केलं, का केलं, आणि मला तेही सगळं तिथूनच ओरडून सांगावं लागेल.

त्यांनी मान वर केली.

"चा ठेव गोऽऽ," ते म्हणाले.

मी आत जाऊन चहा ठेवला.